डाव्या टाचेची बाहेरची कड

मी बूट बनवतो. दुकानात दोन खिडक्या, एक लांब टेबल आणि मागच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेली तीनशे-साडेतीनशे कलबुतं. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा. त्यावर चामडं ताणून बूट बेततात. गिऱ्हाइकांचे चेहरे मी विसरतो, पाय विसरत नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की माझी नजर आधी खाली जाते. ताई म्हणते, "तुझ्याशी बोलायचं तर माणसानं शीर्षासन करावं."

ताई माझी मोठी बहीण. सव्वीस वर्षं टपाल वाटते. रोज नऊ-दहा किलोमीटर चालणं आणि चार-चार मजल्यांचे जिने. तिचे यजमान लवकर गेले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती आणि तिची मुलगी राहतात, मागच्या खोलीत मी. लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही. भाचीच्या मते मला मुली पसंत पडायच्या, त्यांच्या चपला पसंत पडायच्या नाहीत.

ताईसाठी दर वर्षी मी दोन जोड एकाच बैठकीत करतो. एकाच कातड्यातून कापतो, एकाच मेणाच्या दोऱ्यानं शिवतो. एक ती लगेच घालते. दुसरा माझ्या टेबलावरच्या फळीवर सहा महिने थांबतो, कारण नवं चामडं जितकं बसेल तितकं चांगलं. आत तळाला शाईनं तारीख घालतो. गेली वीस वर्षं या पद्धतीत फरक पडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी पॉलिश करायला म्हणून फळीवरचा जोड खाली काढला, तर डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली होती.

फार नाही, दोन मिलिमीटर. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. मला आधी राग आला तो स्वतःचा. वाटलं, जोडांची अदलाबदल केली आपण, म्हातारे झालो. आतली तारीख पाहिली, बरोबर होती. बूट न घातलेलाच होता, त्याबद्दल शंका नको. घातलेल्या बुटाला बोटांच्या मागे आडव्या सुरकुत्या पडतात, आत टाचेचा खळगा उमटतो. यातलं काही नव्हतं. वरून बूट कोरा करकरीत आणि खालून टाच झिजलेली. झिजेत बारीक खडी रुतली होती.

उंदीर म्हणावं तर उंदीर कुरतडतो, घासत नाही. मी टाचेचा खालचा, झिजलेला थर काढला, नवा बसवला आणि जोड काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

आठ दिवसांनी पाहिलं, तर तीच कड, पुन्हा दोन मिलिमीटर. शिवाय उजव्या बुटाचं टोक खरवडलेलं, पाय पुरता न उचलता चालणाऱ्याचं खरवडतं तसं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. माझा विश्वास मोजमापाच्या कॅलिपरवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दर सोमवारी आकडे लिहायला लागलो. डावी टाच इतकी, उजवं टोक इतकं. काढलेले थर तारीख टाकून एका डब्यात ठेवले. कुणाला बोललो नाही. सांगणार तरी काय, बूट रिकामे फिरायला जातात म्हणून?

ताईचे वापरातले बूट मी मुद्दाम तपासले. तिची झीज नेहमीसारखी होती, दोन्ही टाचांना मागे सारखी, अगदी सरळ. ताई चालायची तेव्हा तिच्या डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं.

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि डावा पाय माझ्यापुढे केला.

"हा बूट बघ रे जरा. बाहेरच्या बाजूला कलतोय."

मी बूट काढून घेतला. बाहेरची कड. कॅलिपर लावायची गरज नव्हती, पण लावला. दोन मिलिमीटर.

"किती दिवस झाले?"

"आठवडाभर असेल. सगळीकडे रस्ते खणून ठेवलेत, त्यानं होत असेल." मग स्वतःच हसली. "नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! काल एका जिन्यात अशी भेलकांडले की तिथली बाई म्हणते, सकाळी सकाळीच का?"

माझ्या हातातली चामडं कापायची रापी टेबलावर पडली. तिच्या विनोदावर मी हसलो नाही. त्यावरून तिनं मला चिडवलं. मी ऐकत होतो, पण माझी सगळी धडपड मागच्या कपाटाकडे बघायचं नाही एवढ्याचसाठी होती.

पुढे मी जे केलं ते माझ्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणी केलं नसतं. दुसऱ्या कुणीही तिला आधी दवाखान्यात नेलं असतं. मी तिचा बूट दुरुस्त केला. डाव्या टाचेखाली बाहेरच्या अंगाला चामड्याची पातळ पाचर घातली, टाच रुंद केली, घोट्याशी कडक पट्टी शिवली. ती उठून दुकानभर चालली. सरळ, पूर्वीसारखी. मला इतका आनंद झाला की मी तिला दोनदा चालायला लावलं.

"तुझ्या हातात जादू आहे बाबा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कपाटातला जोड आणखी झिजला, मी तिची पाचर आणखी जाड केली आणि तिच्या टाचेचा काढलेला थरही तारीख टाकून डब्यात ठेवला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. कपाटातला जोड मला आधी सांगायचा आणि मी तिच्या बुटाची आधीच तजवीज करून ठेवायचो. मला वाटायचं, आपण जिंकतोय. मधल्या काळात भाची तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, कारण ताई कपात चहा ओतताना बशीत ओतायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. ताई मी दुरुस्त केलेले बूट घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कवायतीत चालावी तशी चालली. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. अशी माझी जादू!

मग एका सोमवारी कपाटातल्या जोडाची झीज वेगळी आली.

टाचांना काही नव्हतं, टोकांनाही नव्हतं. दोन्ही तळांवर मधोमध एक आडवी रेघ दबली होती, बोटभर रुंद. ती रेघ मी ओळखतो. चाकाच्या खुर्चीत बसणारी माझी चार गिऱ्हाइकं आहेत. त्यांचे तळ झिजत नाहीत, फक्त पाय टेकवायच्या पट्टीची खूण उमटते.

त्याच्या पुढच्या सोमवारी रेघसुद्धा वाढली नव्हती. बुटांवर धूळ होती. कुलूपबंद काचेच्या कपाटात, सात दिवसांत, बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ.

मी वर गेलो. ताई कामावर निघायच्या तयारीत होती, खांद्याला पिशवी, हात कठड्यावर. भाची केस विंचरत होती.

"बूट काढ," मी म्हणालो.

"आत्ता? मला उशीर होतोय."

"ताई, बूट काढ. मोजेपण काढ. आणि त्या दारापर्यंत चाल."

माझा चेहरा पाहून तिनं वाद घातला नाही. अनवाणी उभी राहिली आणि उभं राहतानाच तिचे पाय आपोआप फाकले, होडीत उभं राहिल्यासारखे. पहिलं पाऊल पडलं. दुसरं भलतीकडेच गेलं. तिसऱ्याला तिनं कपाटाचं दार पकडलं, दार उघडलं आणि ती दारासकट फिरली. भाचीच्या हातातला कंगवा खाली पडला.

"आई, अगं तू..."

"कधीपासून असं होतंय?" मी विचारलं.

ताई खाली बसली. "मला कुठे माहीत? घरात असते तेव्हा भिंती धरते. बाहेर तर मी बरी चालते." मग हळूच म्हणाली, "तुझ्या बुटांत."

मला रडू आलं. चाळीस वर्षं मी ऐटीत सांगत आलो होतो की बूट माणसाचं सगळं सांगतो. आणि बूट बोलायला लागले तेव्हा मीच त्यांच्या तोंडात पाचर ठोकत बसलो होतो.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा. मी पिशवीतून ताईचे बूट आणि वेळोवेळी काढलेले थर टेबलावर मांडले. ताईच्या बुटांचे थर एका ओळीत, तारखांसह. बाईंनी ते मन लावून पाहिले. मग ताईला अनवाणी चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळ्यांची हालचाल पाहिली.

"दोन महिन्यांत एवढं? म्हातारपणानं असं होत नाही, अंगात व्हिटॅमिन कमी असलं तरी इतक्या झपाट्यानं होत नाही," त्या म्हणाल्या. "हे थर जपून ठेवलेत ते फार चांगलं केलंत. एवढी चोख नोंद मला कुणी आणून देत नाही."

घाईत मी कपाटातला जोडही पिशवीत टाकला होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, सरळ केला. आत बोट घालून पाहिलं.

"हा कुणीच घातलेला नाही."

"नाही."

"मग ही तळाची रेघ?"

त्यांनी बूट पिशवीत परत ठेवला आणि पिशवीचं तोंड स्वतःच्या हातानं बंद केलं. "हा मी पाहिला नाही असं समजू या," त्या म्हणाल्या. मग रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या, आणि लिहिता लिहिता हात थांबवून सगळ्या तपासण्यांपुढे तातडीची खूण केली.

आठवड्यानं निकाल आला. बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"तुमच्या शरीरात कुठेतरी एक गाठ आहे. कॅन्सरची. शरीरानं तिला आपल्या आधी ओळखलंय आणि तिच्यावर फौज सोडलीय. गोची अशी की त्या गाठीचं आणि मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या पेशींचं रूप एका बाबतीत सारखं आहे. फौज चोराला मारायला निघाली आणि घरच्यांनाच बडवायला लागली. रक्तात त्या फौजेची खूण सापडलीय. ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. पण गाठ काढली तर मार थांबतो आणि उरलेल्या सावरू शकतात."

"कुठे आहे गाठ?" भाचीनं विचारलं.

"बहुधा ओटीपोटात. शोधायची आहे."

शोधली. सोनोग्राफी स्वच्छ. सगळ्या अंगाचा स्कॅन केला, तोही स्वच्छ. रिपोर्ट हातात घेऊन सर्जन म्हणाले, "चित्रात काहीही नाही. मी रिकाम्या घरात चोर शोधायला भिंती फोडू का? थांबू तीन महिने, परत फोटो काढू."

"तीन महिन्यांत या चाकाच्या खुर्चीत असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ आहे."

दोघं ताईकडे बघायला लागले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला कपाटाबद्दल आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. खुर्चीची रेघ, धूळ, काहीही न लपवता. तिनं तेव्हा ऐकून घेतलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, "धुळीनंतर काय?" मी म्हणालो होतो, माहीत नाही.

"सव्वीस वर्षं टपाल वाटतेय मी," ताई सर्जनना म्हणाली. "वरून पाकीट कितीही कोरं दिसलं तरी आत पत्र असतंच. फोडा."

ऑपरेशन मंगळवारी सकाळी साडेनऊला सुरू झालं. मी आणि भाची बाहेरच्या बाकावर. साडेदहा झाले. साडेअकरा झाले. भाचीनं माझा हात धरला होता आणि मी समोरून जाणाऱ्या नर्सच्या टाचा बघत होतो, कारण दुसरं काही बघवत नव्हतं.

सव्वाबाराला सर्जन बाहेर आले. टोपी हातात होती.

"वाटाण्याएवढी," ते म्हणाले. "गर्भाशयाच्या नळीच्या अगदी टोकाला, घडीत लपलेली. बोटांनी चाचपली म्हणून सापडली. कुठेही पसरलेली नाही. एवढी लहान मी आजवर कधी काढली नव्हती." मग टोपी चुरगाळत म्हणाले, "मी तर थांबा म्हणत होतो."

भाचीनं त्यांना मिठी मारली. मी मारणार होतो, पण ते आधीच गडबडून गेले होते.

दुपारी मी दुकानात आलो. कपाट उघडलं.

धूळ नव्हती.

तळाची रेघ तशीच होती, पण तिच्यावर बारीक ओरखडे उठले होते. ताजे.

उजव्या टाचेत एक खडा रुतला होता.

मी मोठ्यानं ओरडलो. शेजारचा चष्मेवाला धावत आला. मी त्याला म्हणालो, काही नाही, खडा सापडला. तो बिचारा अजूनही माझ्याशी जपून बोलतो.

पुढचे दहा महिने सोपे गेले असं म्हणणार नाही. औषधं, सलाइन, कठडे धरून चालणं, पडणं, चिडणं. एकदा तिनं मला चमचा फेकून मारला. नेम चुकला, त्यावर ती खुशीत म्हणाली, "बघ, तोल अजून आला नाही." पण दर सोमवारी मी तिच्या बुटातली पाचर अर्ध्या मिलिमीटरनं कमी करत होतो. पाचर चढवताना मला जी ऐट वाटली होती ती खोटी होती. ही उतरवताना वाटणारी खरी. शेवटचा पातळ पापुद्रा काढला त्या दिवशी ताई दुकानातून एकटी निघाली, रस्ता ओलांडला, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. चष्मेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या हातात तिचा पापुद्रा होता आणि मला तो सोडवत नव्हता.

हत्ती गेला, शेपूट राहिलं. सुईत दोरा ओवताना तिचा हात अजून कापतो आणि जिना उतरताना ती कठडा सोडत नाही. आता ती टपाल वाटत नाही, काउंटरवर बसते आणि बाकीच्यांच्या चुका काढते. रक्तातली खूण जवळजवळ नाहीशी झालीय. डॉक्टरीणबाई तिला दर वेळी विद्यार्थ्यांपुढे चालायला लावतात आणि तीही मिरवून घेते.

फळीवरचा जोड मी तिला घालायला दिला नाही. तो पुन्हा कपाटात आहे. तो झिजतो. आता दोन्ही टाचा मागे सारख्या, अगदी सरळ, ताईच्या जुन्या चालीच्या. मात्र वेग फार. चार-साडेचार महिन्यांत तळ कागदासारखा होतो. तिच्या आत्ताच्या चालण्याच्या मानानं एक तळ म्हणजे वर्ष-दीड वर्ष, म्हणजे तो जोड तिच्या काही वर्षं पुढे चालत गेलाय. मी नवा तळ बसवतो. आतापर्यंत चार बसवले, आणि पाचव्याचं कातडं आणून ठेवलंय. तळ बदलला नाही तर काय होईल, ते आजमावून पाहायची मला इच्छा नाही. त्याबाबत मी कानाला खडा लावलाय.

गेल्या सोमवारी पाचवा तळ बसवायला जोड बाहेर काढला. मला काम करताना शीळ घालायची सवय नाही, पण त्या दिवशी घालत होतो. जोड टेबलावर ठेवला आणि शीळ थांबली.

आदल्या आठवड्यात केलेल्या पॉलिशवर, दोन्ही बुटांच्या वरच्या अंगाला, एकेक मळकट डाग होता.

मी खिडकीशी नेऊन पाहिलं. डाग नव्हते. ठसे होते. अनवाणी पावलांचे, दोन्ही. उजव्या बुटावर डावं पाऊल, डाव्यावर उजवं. टाचा बुटाच्या टोकाकडे, बोटं घोट्याकडे. लहान मूल मोठ्या माणसाच्या पायांवर चढून, त्याचे हात धरून, त्याच्याबरोबर चालतं तसे.

कॅलिपर लावला. पावणेबारा सेंटिमीटर. सव्वा वर्षाचं मूल असावं.

भाची तेवढ्यात आत आली. तिचं अजून लग्न ठरलेलं नाही, तिला तो विषय काढलेलाही आवडत नाही. "कुणाचं माप घेतोयस, मामा?" तिनं विचारलं.

"एका गिऱ्हाइकाचं," मी म्हणालो.

ती वर निघून गेली. मी भिंग घेऊन पुन्हा वाकलो. उजव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. आमच्या आईची तशीच होती. आईला जाऊन एकतीस वर्षं झाली.

मी ठशाला बोट लावलं. तो अजून ओला होता.